गळ्यातले चार दाणे

राजुरा-कोरपना पट्ट्यात थोडं खणलं की चुनखडी लागते. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथले सिमेंटचे कारखाने याच दगडाच्या जोरावर उभे राहिले. हा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चंद्रपुरात डायलिसिसला आलेला रुग्ण बाहेरच्या बाकावर डबा उघडतो आणि पहिल्या घासाबरोबर एक पांढरी, खडूसारखी लागणारी गोळी चावतो. त्या गोळीतही बहुधा हेच कॅल्शियम कार्बोनेट असतं. वरण-भातातून येणारा फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवायचा आणि रक्तात जाऊ द्यायचा नाही, एवढं तिचं काम.

वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांपैकी काहींच्या गळ्याच्या खालच्या भागात आडवी, बोटभर लांबीची टाक्यांची खूण दिसते. माजलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी काढल्याची ती खूण. ऑपरेशननंतर हाडांचं दुखणं ओसरतं, अंगाची खाज थांबते, माणूस भिंत न धरता उठू लागतो. मग काहींच्या बाबतीत दोन, चार, कधी आठ वर्षांनी तेच दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. घरचे गोंधळतात. ग्रंथी काढूनच टाकल्या होत्या, मग परत आल्या कुठून? डॉक्टरांनी काही मागे ठेवलं का? आपल्याच पथ्यात चूक झाली का?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर समजायला आधी या ग्रंथींची ओळख करून घ्यावी लागते.

धानाच्या मुलखात वेगळी उपमा शोधायला नको. निरोगी पॅराथायरॉइड ग्रंथी तांदळाच्या फुगीर दाण्याएवढी असते, रंगाने पिवळसर तपकिरी, वजनाने तीस ते चाळीस मिलिग्रॅम. गळ्यातल्या थायरॉइडच्या पाठीला असे चार दाणे चिकटलेले असतात, दोन वर आणि दोन खाली. मराठीत थायरॉइडला अवटू ग्रंथी म्हणतात, म्हणून या परावटू. नाव शेजारणीचं मिळालं असलं, तरी कामाचा एकमेकींशी संबंध नाही.

या ग्रंथी पहिल्यांदा माणसात सापडल्या नाहीत, त्या सापडल्या भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हा गेंडा १८४९ साली मेला, आणि रिचर्ड ओवेन या शरीररचनातज्ज्ञाने त्याचं विच्छेदन केलं. एवढ्या अवाढव्य जनावराच्या गळ्यातली एवढीशी पिवळी गाठ त्याने टिपून ठेवली. पुढे स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या इवार सँडस्ट्रॉमला १८७७ मध्ये कुत्र्यात तशीच गाठ दिसली. मग त्याने पन्नास मानवी मृतदेह तपासले आणि १८८० मध्ये सविस्तर वर्णन छापलं. त्याच्या हयातीत फार कुणी त्याची दखल घेतली नाही. ग्रंथीचं काम कळायला आणखी वर्षं गेली. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये नकळत हे दाणेही निघाले की रुग्णाच्या हातापायांना पेटके यायचे, कधी मृत्यूही यायचा. या पेटक्यांच्या मुळाशी रक्तातलं घटलेलं कॅल्शियम आहे, हे १९०९ मध्ये मॅककॅलम आणि फोगट्लिन यांनी दाखवलं.

शरीरात साधारण किलोभर कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचा ठोका, स्नायूंचं आकुंचन, मज्जातंतूंचे निरोप, रक्ताचं साकळणं हे सगळं चालतं. म्हणून रक्तातलं कॅल्शियम शंभर मिलिलिटरमागे साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम या अरुंद पट्ट्यातच राहावं लागतं. ते जरा घसरलं की हे चार दाणे पॅराथायरॉइड हार्मोन सोडतात. प्रयोगशाळेच्या कागदावर त्याचं नाव पीटीएच. हे हार्मोन हाडांतून कॅल्शियम काढून घेतं आणि लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतं. शिवाय मूत्रपिंडाला ड जीवनसत्त्व कामाला लावायला सांगतं. काम झालं की ते काही मिनिटांतच रक्तातून नाहीसं होतं.

ही व्यवस्था प्राण्यांनी जमिनीवर येताना कमावली. माशांच्या गळ्यात अशी वेगळी ग्रंथी नसते. अवतीभवतीच्या पाण्यातलं कॅल्शियम ते कल्ल्यांवाटे घेतात. बेडकापासून पुढच्या प्राण्यांत मात्र ती दिसते, कारण जमिनीवर कॅल्शियमची कोठी स्वतःच्या हाडांतच बाळगावी लागते. सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठच्या कोटा गावाजवळ चुनखडीच्या थरांत जुरासिक काळातल्या माशांचे ठसे सापडले, आणि त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांत डायनासोरची हाडंही मिळाली. पाण्यातला जीव आणि जमिनीवरचा जीव, दोघांचे सांगाडे एकाच खडकात. २००४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या ओकाबे आणि ग्रॅहम यांनी दाखवलं की माशाचे कल्ले आणि आपली पॅराथायरॉइड ग्रंथी एकाच जनुकाच्या हुकमाने घडतात. आपल्या गळ्यातले हे दाणे म्हणजे कल्ल्यांची लांबची भावंडं.

हे सगळं सांगण्याचं कारण पुढे शस्त्रक्रियेत येतं. गर्भात या ग्रंथी गळ्याच्या वरच्या भागात, कल्ल्यांसारख्या घड्यांमध्ये तयार होतात आणि मग खाली सरकत येतात. खालची जोडी तर छातीतल्या थायमस ग्रंथीचं बोट धरून उतरते. प्रवास लांबचा, त्यामुळे एखादी वाटेत थांबते, एखादी ठिकाणापुढे जाऊन छातीत शिरते, आणि कधी एखादा तुकडा तुटून पाचवी ग्रंथी होते. स्वीडनमध्ये ५०३ शवविच्छेदनांवर झालेला एक अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभरांपैकी ८४ जणांत चार ग्रंथी आढळल्या, आणि १३ जणांत चाराहून जास्त.

आता मूत्रपिंड निकामी झाल्यावर काय होतं ते पाहू. गडचिरोली आणि चंद्रपुरात त्याची कारणं बरीच आहेत. मधुमेह आणि रक्तदाब सगळीकडे आहेत, तसे इथेही आहेत. त्यात सिकलसेलची भर पडते. या आजारात विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या रक्तपेशी मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्या वर्षानुवर्षं तुंबवत राहतात. मुतखडा दुर्लक्षित राहिला, वेदनाशामक गोळ्या मनाने खात राहिलं, तरी शेवट तोच होऊ शकतो.

मूत्रपिंड थकलं की फॉस्फरस बाहेर पडेनासा होतो. दुसरं नुकसान तितकंच मोठं आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. चंद्रपूरचं ऊन देशात गाजलेलं, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणारा. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार व्हायला उन्हाची इथे काय कमतरता! पण त्वचेत तयार झालेलं ड जीवनसत्त्व कच्चं असतं. यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्याच्यावर शेवटचा हात फिरला तरच ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला उपयोगी पडतं. हा शेवटचा हात मूत्रपिंडाचा असतो, हे केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिचेक यांनी १९७० मध्ये दाखवलं. म्हणून जन्मभर उन्हात राबलेला शेतमजूरसुद्धा मूत्रपिंड गेल्यावर सक्रिय ड जीवनसत्त्वाला मुकतो.

फॉस्फरस साचला, ड जीवनसत्त्व संपलं, कॅल्शियम घसरलं. गळ्यातल्या चार दाण्यांना तिन्ही बाजूंनी एकच हाक येते : हार्मोन सोडा. ते सोडतात, दिवसरात्र सोडतात. काम वाढलं की पेशी वाढतात. दाण्याची बोराएवढी गाठ होते आणि चाळीस मिलिग्रॅमची ग्रंथी ग्रॅमभरापर्यंत जाते. सुरुवातीला ही वाढ सगळीकडे सारखी असते. मग तिच्यात गाठीच्या आत गाठी धरतात. या गाठींतल्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारे आणि ड जीवनसत्त्व ओळखणारे ग्राहक कमी होत जातात. पेशी बहिऱ्या होतात, असंच म्हणायला हवं. रक्तात कॅल्शियम पुरेसं झालं तरी त्यांना ते कळत नाही. त्या हाडांकडे मागतच राहतात.

निरोगी माणसाचा पीटीएच एका मिलिलिटरमागे साधारण १५ ते ६५ पिकोग्रॅम असतो. डायलिसिसच्या रुग्णात तो वरच्या मर्यादेच्या दोन ते नऊ पटींत असला तर चालवून घेतात. बहिऱ्या ग्रंथींचे आकडे हजार-दीड हजारांच्या पुढे जातात. हाताचा एक्स-रे काढला की मधल्या बोटांच्या हाडाची अंगठ्याकडची कड वाळवीने खाल्लेल्या चौकटीसारखी दिसते. रुग्णाला खुर्चीतून उठताना मांड्यांत बळ राहत नाही. रात्रभर खाज सुटते. हाडातून निघालेलं कॅल्शियम रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आणि हृदयाच्या झडपांत जाऊन बसतं, आणि जिवाला सगळ्यात मोठा धोका तिथेच असतो.

यावर पहिला उपाय फॉस्फरस आवरण्याचा. रक्तातला फॉस्फरस मोजायची जी पद्धत जगभरातल्या प्रयोगशाळांनी पुढे अनेक दशकं वापरली, ती १९२५ मध्ये सायरस फिस्क आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये बसवली. सुब्बाराव भीमावरमचे, गोदावरीच्या मुखाकडच्या मुलखातले. सिरोंच्याजवळ प्राणहिता ज्या गोदावरीला मिळते, तीच ही नदी.

फॉस्फरसचा हिशेब बसून मांडण्यासारखा आहे. दिवसाच्या जेवणात साधारण हजार मिलिग्रॅम फॉस्फरस धरला तर त्यातला सहाशेच्या आसपास अंगात शोषला जातो, म्हणजे आठवड्याला ४,२०० मिलिग्रॅम. चार तासांचं एक डायलिसिस आठशे ते हजार मिलिग्रॅम बाहेर काढतं. आठवड्यातून तीनदा केलं तर गेले सुमारे २,७००, उरले दीड हजार. आपल्याकडे पुष्कळांना आठवड्यातून दोनदाच जमतं. मग उरतात २,४००. ही आठवड्याची शिल्लक पेलायची म्हणून ती खडूसारखी गोळी, आणि तीही जेवताना घासाबरोबरच. रिकाम्या पोटी घेतली तर फॉस्फरस तसाच राहतो आणि कॅल्शियम मात्र रक्तात जातं. काळ्या रंगाच्या शीतपेयांत आणि पाकीटबंद खाऊत घातलेला फॉस्फेट तर जवळजवळ पूर्ण शोषला जातो. डाळीतला फॉस्फरस त्या मानाने कमी शोषला जातो. म्हणून डाळीला घाबरून उपाशी राहण्यापेक्षा दुकानातली पाकिटं बंद केलेली बरी.

सक्रिय ड जीवनसत्त्वाची औषधं आहेत. बहिऱ्या पेशींचे कॅल्शियम ओळखणारे कान तीक्ष्ण करणारं सिनाकॅल्सेट हे औषध २००४ पासून आहे. या सगळ्यांना ग्रंथी दाद देईनात, पीटीएच महिनोन्‌महिने आठशेच्या वर राहिला आणि सोबत हाडं, खाज, वाढलेलं कॅल्शियम यांचा त्रास असला, तेव्हा ऑपरेशनचा विचार होतो.

पॅराथायरॉइडच्या पहिल्या ऑपरेशनची कथाच मुळी आजार परतण्याची आहे. १९२५ सालीच व्हिएन्नामध्ये ट्रामवर कंडक्टर असलेल्या एका तरुणाची हाडं इतकी ठिसूळ झाली होती की त्याला उभं राहता येईना. हाडं कमकुवत आहेत म्हणजे ग्रंथी कमी पडते आहे, असा त्या काळचा समज. म्हणून सर्जन फेलिक्स मांडल यांनी आधी त्याला ग्रंथीचा अर्क दिला आणि मग मृत माणसाच्या ग्रंथी त्याच्या अंगात बसवल्या. काही फरक पडला नाही. शेवटी त्यांनी गळा उघडला आणि वाढलेली गाठ काढून टाकली. तो तरुण पुन्हा चालू लागला. काही वर्षांनी दुखणं परतलं, दुसऱ्या ऑपरेशनचा उपयोग झाला नाही आणि तो त्यातच गेला. त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स मार्टेल नावाच्या जहाजाच्या कप्तानाची उंची हाडं खचून सात इंचांनी घटली होती. त्याच्यावर सात ऑपरेशनं झाली. १९३२ मध्ये सातव्या वेळी ग्रंथी सापडली ती छातीत. सहा वेळा सर्जन गळ्यातच शोधत होते. या दोघांची मूत्रपिंडं आधी बिघडलेली नव्हती, त्यांचा मूळ दोष ग्रंथीतच होता. तरी दोघांच्या गोष्टींतून पुढच्या सर्जनांना धडा मिळाला : ग्रंथी जिथे असायला हवी तिथेच असेल, असं धरून चालता येत नाही.

मूत्रपिंडाच्या रुग्णांवर ठरवून हे ऑपरेशन करण्याची वाट १९६० मध्ये स्टॅनबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये घालून दिली. साडेतीन ग्रंथी काढायच्या आणि अर्धी ठेवायची. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युएल वेल्स यांनी दुसरी रीत रूढ केली : चारही काढायच्या, त्यातल्या सगळ्यात निरोगी दिसणाऱ्या ग्रंथीचे मिलिमीटरभर तुकडे करायचे आणि ते कोपराखालच्या स्नायूत कप्पे करून पेरायचे. डायलिसिसच्या सुया टोचायला केलेला फिस्टुला ज्या हाताला आहे, तो हात सोडून दुसऱ्या हाताला. तुकडे रुजतात, त्यांना रक्त मिळतं आणि काही आठवड्यांत ते हार्मोन देऊ लागतात. पुन्हा माजले तर गळ्याऐवजी हात उघडता येतो, ही त्यातली मोठी सोय. चारही काढून काहीच न पेरणं ही तिसरी रीत.

काहीतरी मागे का ठेवायचं, असं कुणालाही वाटेल. ग्रंथी पूर्ण गेली तर कॅल्शियम सांभाळणारं शरीरात कुणी उरत नाही. हाडं झिजायचीही थांबतात आणि नवी व्हायचीही, जशी पडीक घराची डागडुजी थांबावी तशी. मूत्रपिंड बदलण्याची शक्यता असलेल्या तरुण रुग्णाला तर पुढे ग्रंथीची गरज लागतेच.

पण जे ठेवलं त्याला रक्तातून तीच हाक येत राहते. मूत्रपिंड बरं झालेलं नसतं, फॉस्फरस आठवड्याला शिल्लक पडतच असतो. ज्या दबावाने चार दाण्यांची बोरं झाली, तोच दबाव त्या अर्ध्या दाण्यावर किंवा हातातल्या तुकड्यांवर काम करतो. घरच्यांच्या प्रश्नाचं पहिलं आणि मोठं उत्तर हेच आहे. ऑपरेशन वाढलेली ग्रंथी काढतं, तिला वाढवणारं कारण काढत नाही.

बाकी वाटाही आहेत. पेरलेला तुकडा गाठाळलेल्या भागातून घेतला गेला तर तो लवकर माजतो. जपानमध्ये मृत दात्यांकडून होणारी मूत्रपिंड प्रत्यारोपणं फार कमी, त्यामुळे तिथे लोक दशकानुदशकं डायलिसिसवर जगतात आणि नागोयासारख्या ठिकाणी या ऑपरेशनांचा दांडगा अनुभव साचला आहे. तुकडा निवडताना गाठी टाळाव्यात, हा आग्रह त्या अनुभवातून आला. दुसरी वाट पाचव्या ग्रंथीची. थायमसमध्ये लपलेली, पहिल्या वेळी लहान असल्याने न दिसलेली ग्रंथी मागाहून फुगते. तिसरी वाट क्वचितची आणि सगळ्यात त्रासाची : ऑपरेशनमध्ये ग्रंथीचं आवरण फुटलं तर पेशी गळ्यात सांडतात आणि शेतात उधळलेल्या बियाण्यासारख्या जागोजागी उगवतात.

ऑपरेशननंतर पीटीएच खाली आलाच नाही किंवा सहा महिन्यांच्या आत चढला, तर डॉक्टर त्याला आजार शिल्लक राहिला असं म्हणतात. सहा महिने नीट गेल्यावर चढला तर आजार परतला. प्रमाण किती, याचे आकडे व्याख्येनुसार आणि रुग्णांवर किती वर्षं लक्ष ठेवलं त्यानुसार बदलतात. शिल्लक आणि परत दोन्ही धरून शंभरांत दहा ते तीस, असा अंदाज सर्जन देतात. वर्षं वाढतात तसा तो वरच्या टोकाकडे सरकतो.

परतलेली ग्रंथी गळ्यात आहे की हातात, हे ओळखायची एक साधी, देखणी चाचणी आहे. तुकडे पेरलेल्या हाताच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधतात आणि रक्तप्रवाह थांबेल इतका फुगवतात. वीस-तीस मिनिटं तसाच ठेवतात. हाताला मुंग्या येतात, बोटं गार पडतात, त्रास होतो. त्याआधी आणि त्यानंतर दुसऱ्या बाजूने रक्ताचा नमुना घेतात. पीटीएच काही मिनिटांतच विरणारं हार्मोन, म्हणून दोष हातात असेल तर बाकीच्या शरीरात ते झरझर उतरतं, निम्म्याच्याही खाली. उतरलं नाही तर दोष गळ्यात किंवा छातीत. फ्रेंच डॉक्टर कॅसानोव्हा यांच्या नावाने ही चाचणी ओळखतात. दोष हातात निघाला तर बऱ्याचदा तेवढी जागा बधिर करून तुकडे काढता येतात. गळ्यात निघाला तर सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅनने जागा नक्की करूनच पुन्हा गळा उघडतात. पहिल्या ऑपरेशनचे व्रण आतून चिकटलेले असतात आणि त्यांच्यामधून आवाजाची नस जात असते. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं ते यामुळे.

इथवरचं सगळं कुठल्याही मोठ्या शहरातल्या रुग्णाला सारखंच लागू आहे. जंगलातल्या जिल्ह्यात त्याला अंतर जोडावं लागतं.

गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर. भामरागडहून गडचिरोलीच तेवढ्याहून लांब, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. डायलिसिस बुडालं की त्या आठवड्याचा फॉस्फरस तसाच अंगात राहतो. परिस्थिती सुधारली आहे, हे मान्य करायला हवं. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि डायलिसिस तिच्यात बसतं. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला. त्यामुळे दर खेपेला नागपूर गाठायची वेळ पुष्कळांवर येत नाही. पण पीटीएच तपासणं, तो वाचून औषध बदलणं आणि ऑपरेशन यांसाठी अजून मोठ्या शहराकडेच पाहावं लागतं.

नुसत्या तपासणीतही इथे अडचण आहे. पीटीएच उष्णतेत टिकत नाही. साध्या नळीत घेतलेलं रक्त मे महिन्यात गाडीच्या खिडकीशी राहिलं, तर आकडा खोटाच कमी येतो आणि परतत असलेला आजार कागदावर बरा दिसतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत, बर्फाच्या डब्यात नमुना पाठवला तर तो टिकतो. शिवाय प्रत्येक प्रयोगशाळेचं यंत्र थोडं वेगळं मोजतं, म्हणून दर वेळी एकाच ठिकाणी तपासलेलं बरं. ही माहिती रुग्णाला सहसा कुणी देत नाही, आणि ती द्यायला हवी.

ऑपरेशननंतरचे पहिले दिवस तर अंतराच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे. हार्मोन एकदम उतरलं की वर्षानुवर्षं लुटली गेलेली हाडं रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखी ओढून घेतात. डॉक्टर याला भुकेल्या हाडांचा आजार म्हणतात. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात, पुढे झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. पहिले दोन-तीन दिवस दर चार ते सहा तासांनी कॅल्शियम तपासावं लागतं आणि शिरेतून द्यावं लागतं. त्यानंतर महिनोन्‌महिने गोळ्या, आणि आता त्या दोन जेवणांच्या मधे घ्यायच्या, कारण आता कॅल्शियम रक्तात जायलाच हवं असतं. गोळी तीच, वेळ उलटी. अनेकांचा गोंधळ नेमका इथे होतो. लवकर सुट्टी मागून तीनशे किलोमीटरवरच्या गावी जाण्याची घाई रुग्णाने करू नये.

पाण्याचंही बघावं लागतं. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना भागातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. जास्तीचं फ्लोराइड शरीराबाहेर टाकणारं मुख्य इंद्रिय मूत्रपिंडच. ते निकामी असलं की फ्लोराइड हाडांत साचतं. डॉ. एस. पी. एस. तेवतिया आणि डॉ. एम. तेवतिया यांनी १९७३ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं होतं की फ्लोराइडने हाडं ग्रासलेल्या रुग्णांत पॅराथायरॉइडही चेकाळलेली असू शकते. म्हणजे या गावांतल्या रुग्णाच्या हाडांवर दुहेरी मार. डायलिसिसच्या एका खेपेला तर रुग्णाच्या रक्ताशेजारून सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी वाहतं. ते यंत्रातून शुद्ध झालेलंच असावं लागतं. आणि खर्रा. तंबाखू आणि सुपारीबरोबर त्यात चुना घोटलेला असतो, आणि सुपारीबरोबर चुना नेमाने खाणाऱ्यांत रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. गोळ्यांचा हिशेब डॉक्टर मिलिग्रॅममध्ये करतात, खर्ऱ्यातल्या चुन्याचा हिशेब कुणीच करत नाही. डायलिसिसच्या रुग्णाने तो डॉक्टरांपासून लपवू नये, आणि शक्य असेल तर सोडावाच.

मूत्रपिंड बदललं की बहुतेकांच्या ग्रंथी हळूहळू शांत होतात. खूप वर्षं माजलेल्या मात्र बदललेल्या मूत्रपिंडालाही जुमानत नाहीत. लघवी चांगली होते, क्रिएटिनिन छान असतं आणि कॅल्शियम तेवढं चढत राहतं. प्रत्यारोपण झालं म्हणून पीटीएच पाहायचं सोडू नये ते यासाठी. डायलिसिसवर असेपर्यंत दर तीन ते सहा महिन्यांनी पीटीएच आणि दर एक ते तीन महिन्यांनी कॅल्शियम-फॉस्फरस, ही तपासणी ऑपरेशन झालेल्यांनाही तितकीच लागू आहे.

दुसरं ऑपरेशन करायची वेळ आली तर सर्जनला सगळ्यात आधी हवा असतो पहिल्या ऑपरेशनचा कागद. सुट्टीच्या कार्डावर बहुतेक वेळा एकच ओळ असते, आणि ते कार्ड घरच्या पत्र्याच्या पेटीत पावसाने भिजून गेलेलं असतं. म्हणून ज्यांच्या घरात असं ऑपरेशन झालं आहे किंवा होणार आहे, त्यांनी रुग्णालय सोडण्यापूर्वी ऑपरेशनची पूर्ण नोंद मागून घ्यावी : किती ग्रंथी सापडल्या, किती काढल्या, शिल्लक कुठे ठेवली, तुकडे कोणत्या हातात पेरले. त्या कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा, आणि मूळ कागद प्लॅस्टिकमध्ये घालून डायलिसिसच्या फायलीतच ठेवावा.